कोपराखालचे वेढे

गुंडाळी इतकी घट्ट होती की पलंगावरून निसटून खाली पडली तरी उलगडली नाही. फरशीवर टक्क वाजली, थोडी घरंगळली आणि कपाटाच्या पायाला टेकून उभी राहिली — कडा सारख्या, कुठे एक सूत बाहेर नाही, मधोमध बारीक भोक... असं गुंडाळलेलं बँडेज दवाखान्यातसुद्धा बघायला मिळत नाही, तिच्या मनात आलं, कारण दवाखान्यात माणसं हातानं गुंडाळतात, आणि आपल्या घरी धुऊन वाळवलेली बँडेजं रोज संध्याकाळी दुकानातल्या कॉइलच्या यंत्रावर चढतात, मूठ फिरते, काटा वेढे मोजतो, आणि शेजारी कुठल्यातरी पंपाची जळकी मोटार आपली पाळी कधी येते म्हणून ताटकळत बसलेली असते.

"मी उचलते," ती म्हणाली.

"हात हलवू नको," तो म्हणाला आणि स्वतःच वाकला.

तो म्हणजे तिचा नवरा. जळलेल्या मोटारी उघडायच्या, आतली काळी पडलेली तार उपसून टाकायची आणि नवी तार भरायची, हा त्याचा धंदा. सगळा बाजार त्याला वाइंडर म्हणायचा आणि मनातल्या मनात तीही तेच म्हणायची. तोंडानं अर्थात अहो. 'बघू', 'चालेल' आणि 'झालं' एवढ्या तीन शब्दांवर या माणसानं संसार रेटला होता, लेक वाढवली होती, तिचं लग्न लावून दिलं होतं. जावयाची तर अजून पक्की समजूत होती की सासऱ्यांच्या मनात आपल्याबद्दल काहीतरी आहे. आणि ती स्वतः? ती ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत बाई होती. दिवसभर हातांनी बोलायची, घरी आली की तोंडानं बोलायची, आणि तोंड दमलं की भांडी घासता घासता पुन्हा हातांनी, स्वतःशीच. आमच्या घरात बोलण्याची वाटणीच चुकली, सगळा वाटा माझ्याकडे आला — असं ती मैत्रिणींना सांगे आणि मैत्रिणी हसत.

तिचा उजवा हात आता त्याच्या मांडीवरच्या उशीवर होता. मलम चोळून झालं होतं. सुती मोजा चढला होता, बोटांना एकेक करून जाळीच्या पट्ट्या बसल्या होत्या — करंगळीपासून सुरुवात, प्रत्येक बोटाला वेगळी वाट, टोकं मोकळी — आणि आता मऊ कापसाची पट्टी मनगटावरून वर चालली होती, त्याच्या त्या वार्निशचे डाग कधीच न जाणाऱ्या बोटांमधून, इतकी हळू की... की तिला डोळे मिटावेसे वाटले. तिनं ते मिटले नाहीत. डोळे मिटले तर चेहऱ्यावर काय येईल याची तिला खात्री नव्हती.

आज दुपारी माप होतं.

या हाताचं म्हणाल तर सगळं तिला पाठ झालं होतं. छातीतली गाठ काढली, तिच्याबरोबर काखेतल्या लसिकाग्रंथीही काढल्या, वरून किरणांचा शेक दिला. दोन वर्षं काही नाही. मग एका सकाळी घड्याळाचा पट्टा नेहमीच्या भोकात बसेना. तिनं घड्याळाला दोष दिला, मग हवेला, मग चपळाईनं दुसऱ्या हातात घड्याळ घालून विषय मिटवला. विषय मिटला नाही, हात फुगतच गेला, आणि शेवटी दवाखान्यातल्या त्या बाईसमोर — गळ्यात कायम मापाची फीत, म्हणून हिनं तिचं नावच फीत ठेवलं होतं — दोघं जाऊन बसली. फीतनं सगळं समजावून सांगितलं. रक्त हातात येतं आणि परत जातं, पण जाताना थोडं पाणी आणि त्यातली प्रथिनं पेशींच्या फटींत मागे राहतात. ते सगळं, म्हणजे लिम्फ, उचलून न्यायला वेगळ्या नळ्या असतात, केसाहून बारीक, कातडीखाली सगळीकडे पसरलेल्या. त्या पुढे मोठ्या होत काखेतल्या ग्रंथींत जातात. ग्रंथीच काढल्या की रस्ता अडतो.

"आणि या नळ्यांना हृदयासारखा पंप नसतो," फीत म्हणाली होती.

त्यावर वाइंडर खुर्चीत पुढे सरकला. तोवर तो दाराच्या बिजागरीकडे बघत बसला होता. "पंप नाही? मग चालतं कसं?"

"झडपा असतात. नळ्या स्वतःही थोड्या आवळतात. बाकी सगळं श्वासावर आणि स्नायूंच्या हालचालीवर. म्हणून वरून कडक बँडेज बांधायचं आणि आत हात हलवत राहायचं. स्नायू फुगतो, बँडेज हलत नाही, मधल्या पाण्यावर दाब येतो, ते पुढच्या झडपेतून जातं आणि मागे फिरत नाही." मग तिच्याकडे वळून, "तुमचा तर धंदाच हातांनी बोलायचा. जितकं बोलाल तितका हात उतरेल."

"मग उतरलाच म्हणून समजा," वाइंडर म्हणाला.

चारचौघांत त्यानं केलेला तो पहिला विनोद. ती घरी येईपर्यंत हसत होती. फुगलेला हात, पुढे काय वाढून ठेवलंय ते ठाऊक नाही, आणि रस्त्यात उभं राहून हसतेय — लोकांना काय वाटलं असेल कोण जाणे.

पण बांधायला शिकताना या गृहस्थानं घोटाळा केलाच, आणि तोही असा की त्याच्या धंद्यातल्या माणसालाच सुचावा. दवाखान्यात शिकवलं तसं त्यानं बांधलं. मग बोटानं ठोकून बघितलं. मनगटाशी कडक, वर दंडाशी नरम — हे त्याला बघवेना. कॉइल कशी, या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी हवी. त्यानं सगळं सोडलं आणि वर जाता जाता ताण वाढवत वाढवत असं बांधलं की कुठेही ठोका, एकच आवाज. तिलाही ते फार सुंदर वाटलं होतं. संध्याकाळी बोटं अशी टरारली की शाळेतून येताना तिला दाराची कडी उघडता येईना. दुसऱ्या दिवशी फीतनं कपाळावर हात मारला. "अहो, मोटार नाही ती, हात आहे! खाली जास्त दाब, वर कमी. वरच आवळलंत तर पाणी जाणार कुठे?" वाइंडरचे कान लाल झाले. कान लाल होणं ही त्याची एकमेव उघड भावना. त्यानंतर त्यानं एकदाही चूक केली नाही... चुकणं त्याला जमतच नाही, एकदा कळलं की कळलं.

चौथी गुंडाळी दंडावर संपली. त्यानं चिकटपट्टीचा तुकडा कापून टोक बसवलं, अंगठ्यानं दाबलं.

"बोल बघू," तो म्हणाला.

हे रोजचं. बांधून झालं की बोटं नीट हलतात की नाही ते बघायचं, आणि त्यासाठी तिनं खुणांनी काहीतरी म्हणायचं. सुरुवातीला ती आपली आकडे म्हणायची. मग कंटाळून एक दिवस 'ठोंब्या' म्हणाली. त्यानं मान हलवली, "चालतंय," म्हणाला आणि उरलेला कापूस गोळा करायला लागला. तिला त्या दिवशी असा काही आनंद झाला... आणि मग रोजच. ठोंब्या. बैलोबा. माझ्या वाढदिवसाला टेस्टर आणून दिलास, आठवतं का रे. तोंडानं अहो-जाहो आणि हातानं अरे-तुरे! घोरतोस. पण घोरला नाहीस की मला जाग येते. कान लाल झाले की लहान मुलासारखा दिसतोस... आणि तो बापडा दरवेळी मान हलवायचा, चालतंय म्हणायचा.

आज तिनं फक्त आकडे म्हटले. भराभर, पाठ म्हटल्यासारखे.

"चालतंय," तो म्हणाला. पण जरा थांबून.

शाळेकडे जाताना तिनं स्वतःला नेहमीचा जाब विचारला. बरं व्हायचं नाही, असं कोणाला वाटतं का? आज जर फीतनं सांगितलं की हात स्थिरावला, तर बँडेजं बंद. हाताच्या मापाची घट्ट बाही करून येणार, सकाळी चढवायची, रात्री काढायची, आपली आपण. कुणी मांडीवर उशी घेऊन बसायचं कारण नाही. मुलं नवी बाही बघून टाळ्या पिटतील, लेक फोनवर रडेल, जावई अभिनंदन करेल, आणि सकाळी आमच्या घरात पुन्हा दोन कप, एक वर्तमानपत्र आणि 'बघू'. तिला ते नको होतं. तिला तिचा हात कुणीतरी असा वेळ काढून धरलेला हवा होता, आणि कुणीतरी म्हणजे तोच. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर या वयात हे सांगायचं तरी कसं आणि कोणाला? लोक म्हणतील, बाईचा हात सुजला की डोकं.

सांगितलं होतं म्हणा. एकदा. गेल्या मापाच्या दुसऱ्याच दिवशी. फीत म्हणाली होती, छान उतरतोय, पुढच्या वेळी कदाचित बाही. आणि दुसऱ्या सकाळी 'बोल बघू' म्हटल्यावर तिची बोटं आपोआपच म्हणून गेली: हे संपायला नको मला. तू असा बसतोस ते संपायला नको. त्यानं मान हलवली. चालतंय म्हणाला. झालं. भिंतीला सांगितल्यासारखं, पण सांगून मोकळं वाटलं होतं खरं.

वर्गाच्या दारावरचा दिवा लुकलुकला — तीच तिथली घंटा — आणि सगळे चेहरे तिच्याकडे वळले. या मुलांनी तिचं खुणेतलं नाव बदलून टाकलं होतं. आधी ती 'कानामागे पेन' होती. हात बांधायला लागल्यापासून 'उशी'. बँडेजमधून बोटं अर्धवटच वळायची, त्यामुळे तिचं बोलणं त्यांना तोंडात घास ठेवून बोलल्यासारखं दिसायचं, आणि पहिले काही दिवस तर तिच्या प्रत्येक वाक्याला कोणीतरी 'आधी गिळा' अशी खूण करून पूर्ण वर्ग हसवायचं. उशीत काय आहे म्हणून विचारलं तेव्हा तिनं त्यांनाच पाणी केलं होतं. सगळ्यांना वर्गात कोंबलं, दार लोटलं, मागच्यांना ढकलायला लावलं. पुढचे चेंगरले, ओरडले. मग दार उघडून आधी दारातल्यांना बाहेर काढलं, मग त्यांच्या मागच्यांना, मग मागच्यांना... अशीच मालीश करतात, ती म्हणाली, आधी मानेपासून, छातीपासून, पुढची जागा मोकळी करायची आणि मग हाताकडे यायचं, आणि तेही इतक्या हलक्या हातानं की फक्त कातडी सरकावी. मुलांना हे इतकं आवडलं की आठवडाभर मधल्या सुट्टीत कोणी जेवायला गेलं नाही, सगळे लिम्फ झाले होते.

आज नवीन आलेली दोन मुलं होती, म्हणून तिनं पहिला धडा पुन्हा घेतला. हातांकडे बघू नका. चेहऱ्याकडे बघा. हात डोळ्यांच्या कडेनं आपोआप दिसतात. नवशिका हातांकडे बघत बसतो आणि अर्धं वाक्य हरवतो. ज्याला भाषा येते तो चेहरा बघतो.

"गोलगोल हातांकडेच बघतात," पहिल्या बाकावरच्या चष्मेवालीनं बोटं उडवली.

गोलगोल म्हणजे वाइंडर. एक बोट हवेत फिरवायचं, झालं नाव. मध्यंतरी शाळेचे पंखे दुरुस्त करायला तो आला होता, तेव्हा मुलांनीच ठेवलं.

"तुझ्याशी बोलले ते?"

"फार वाईट बोलतात. बोटं सळयांसारखी. मला एक खूण करून दाखवली आणि तोंड वाकडं करून विचारलं, हे काय."

"कुठली खूण?"

चष्मेवालीनं दोन्ही हात वापरून, गाल फुगवून, अतिशय मन लावून केली. ठोंब्या.

वर्ग कोसळला. ती स्वतःही हसली, हसता हसता कानापर्यंत तापली, आणि मग घाईघाईनं स्वतःची समजूत घातली — ही खूण तर इथे दिवसभर प्रत्येकजण प्रत्येकाला करतो, पंख्याच्या शिडीवरून दिसली असेल त्याला, दुसरं काय. चष्मेवाली अजून काहीतरी सांगत होती, रोज यायचे, रोज विचारायचे. पण तेवढ्यात मागच्या बाकावर कोणीतरी गोलगोलचं चालणं करून दाखवायला लागलं आणि धडा हाताबाहेर गेला. रोज यायचा हे मात्र खरं होतं. चार पंख्यांना त्या माणसानं अख्खा आठवडा लावला होता. तिनं तेव्हा विचारलंही होतं, एवढा वेळ? 'जुने आहेत,' तो म्हणाला होता.

शिक्षकांच्या खोलीत कोणी नव्हतं. ती खिडकीशी बसली आणि तिचा डावा हात उजव्या दंडाकडे गेला... नाही. आज नाही. गेल्या आठवड्यात मात्र इथेच, याच खुर्चीत, तिनं चिकटपट्टी उचलून वरचे दोन वेढे सोडले होते आणि सैल करून पुन्हा बसवले होते. एकदाच. मग दिवसभर चोरी केल्यासारखी वावरली. कारण हे काही खेळण्यातलं नाही, हे तिला कळत होतं. पाणी साचून राहिलं की त्यातली प्रथिनं मुरतात, आत चरबी धरते, तंतू धरतात, हात घट्ट होत जातो आणि मग तो कोणाच्या बांधण्यानं उतरत नाही. आणि एखादा ओरखडा चिघळला तर तापच. तरी बाईसाहेबांनी वेढे सोडले! नवऱ्यानं हात धरावा म्हणून स्वतःचा हात बिघडवायला निघाले मी. लेकीला कळलं तर ती मला दत्तक देऊन टाकेल.

आज फीत माप घेणार आणि दंड चारचौघांत सगळं सांगून टाकणार. तिनं ठरवलं, वाढलेलं निघालं तर कबूल करायचं. कारण सांगायचं नाही, पण कबूल करायचं.

दवाखान्यात वाइंडर आधीच येऊन बसला होता. दुकान अर्ध्या दिवसात बंद करून, हात कोपरापर्यंत धुऊन. तरी वार्निशचा वास त्याच्या दोन पावलं पुढे होता. फीतनं बँडेजं उतरवली — प्रत्येक गुंडाळी उलगडताना ती नेहमीसारखी "काय बांधलंय हो!" म्हणाली — आणि हातावर पेनानं खुणा करून माप घ्यायला सुरुवात केली. तळवा. मनगट. तिनं श्वास धरून ठेवला.

"सोडा, सोडा श्वास. श्वासावर चालतं हे सगळं, विसरलात?" फीत हसली. "मनगट मस्त. दंड तर... दंड फारच मस्त. उतरलाय अजून."

दंड उतरलाय? म्हणजे माझी चोरी धड चोरीसुद्धा झाली नाही. तिला एकदम हलकं वाटलं आणि लगेच लक्षात आलं — संपलं तर मग. बाही.

फीत मात्र कोपराखाली थांबली होती. तिनं माप पुन्हा घेतलं. अंगठ्यानं दाबलं; कातडीत खळी पडली आणि हळूहळू भरून आली.

"हे काय? इथे वाढलंय. मागच्या वेळेपेक्षा स्पष्ट वाढलंय. वर नाही, खाली नाही, नेमकं इथे." तिनं दोघांकडे बघितलं. "आतल्या थरात सैल पडतंय कुठेतरी. कोणाचं काम?"

'माझं' हा शब्द तिच्या जिभेवर तयारच होता, शाळेपासून घोकलेला. ती तो म्हणणारच होती... आणि मग तिच्या लक्षात आलं. कोपराखाली? आतला थर? तिथे पोचायचं तर वरची सगळी बँडेजं सोडायला हवीत आणि एका हातानं पुन्हा बांधायला हवीत. ते मला सात जन्मांत जमणार नाही. गेले काही दिवस तिथे जरा मोकळं वाटत होतं खरं. तिला वाटलं होतं, सूज उतरली म्हणून.

"माझाच हात सैल पडला असेल," वाइंडर म्हणाला.

तो छताकडे बघत होता. छताला पंखा होता, चांगला चालणारा, बघण्यासारखं त्यात काही नव्हतं.

सैल? ती त्याच्याकडे बघतच राहिली. या माणसाच्या तोंडी सैल हा शब्द शिवीसारखा यायचा. लग्नानंतर पहिल्यांदा दुकानात आलेला जावई सहज म्हणाला होता, एखादा वेढा सैल राहिला तर काय बिघडतं, आणि त्यावर वाइंडरनं त्याच्याकडे अशा काही नजरेनं बघितलं की तेव्हापासून बिचाऱ्याची ती समजूत. उभ्या आयुष्यात ज्याची एक कॉइल परत आली नाही, त्याचा हात सैल पडला? आणि दंड, मनगट, बोटं सगळं चोख ठेवून नेमका कोपराखाली, आत, वरून ठोकलं तरी कळणार नाही अशा जागी? आणि मागच्या मापानंतर... मागच्या मापानंतर म्हणजे...

नाही. शक्यच नाही. त्याला कुठे येतंय हातांचं बोलणं.

ठोंब्या, चष्मेवाली म्हणाली होती. रोज यायचे, रोज विचारायचे.

"हे बघा," फीत आता हसत नव्हती, "खळी पडतेय तोवर ठीक आहे, मऊ आहे, हे परत उतरेल. पण असंच राहू दिलं तर इथे आत घट्ट होत जाईल. मग दाबलं तरी खळी पडणार नाही, आणि मग मी, तुम्ही, कोणीही काही केलं तरी हा हात पूर्ववत होणार नाही. बाहीचं आज होत नाही. दोन आठवडे अजून बांधा. आणि नीट."

"पूर्ववत होणार नाही?" वाइंडरनं विचारलं.

"नाही."

त्याचे कान लाल झाले, मग मान. त्यानं खाली बघितलं, स्वतःच्या तळव्यांकडे, जणू ते दुसऱ्या कोणाचे होते. तिच्या मनात आलं, आत्ता याला विचारलं तर हा काय सांगेल? 'बघू'. आणि विचारायचं तरी काय, की अहो, तुम्हीही? लेकीच्या वयाच्या त्या बाईसमोर? तिला हसू यायला लागलं, आणि डोळे भरून यायला लागले, दोन्ही एकाच वेळी, आणि कुठलं आवरायचं ते कळेना. खरं असेल तर केवढा मूर्खपणा. दोन मूर्ख, एकाच हाताला दोन टोकांनी सैल करत बसलेले. आणि खरं नसेल... खरं नसेल तर म्हातारपणी त्याचा हात एकदा सैल पडला, एवढंच. पण तेही तिला पटेना.

"माझ्यासमोर बांधा," फीत म्हणाली.

त्यानं खुर्ची पुढे ओढली. मोजा, पट्ट्या, कापूस. मग पहिली गुंडाळी. तो कोपराखाली आला आणि तिथे त्याचा हात किंचित थांबला. तिनं पाहिलं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "घट्ट."

"लागेल."

"लागू दे."

त्यानं वर बघितलं नाही. पण ताण आला. तिला तो जाणवला, सारखा, शांत, एकावर एक अर्धा चढत जाणारा वेढा, आणि तिला वाटलं, बाही येईल. दोन आठवड्यांनी नाही तर महिन्यानं येईल. येऊ दे. ती यावी असं आज पहिल्यांदाच तिला मनापासून वाटलं, हात हलका व्हावा, बोटं पूर्ण वळावीत, तोंडातला घास एकदाचा गिळून होऊन स्वच्छ बोलता यावं... मुलांशी, आणि कोण जाणे आणखी कोणाशी. सकाळी मग काय करू आपण? उशी मांडीवर न घेताही बसता येतं की माणसांना. येत असावं. आम्ही कधी करून बघितलं नाही.

शेवटचं टोक बसलं. अंगठा दाबला गेला, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ.

"बोल बघू," तो म्हणाला.

तिची बोटं वर आली आणि अडली. ठोंब्या, बैलोबा, टेस्टर, घोरणं, आणि ते दुसरं — इतक्या महिन्यांचं सगळं बोलणं एकदम तिच्यासमोर येऊन उभं राहिलं, एकूण एक शब्द, आणि ते त्याला सगळं कळलेलं असू शकतं या कल्पनेनं तिला इतकी लाज वाटली की पदरी एवढी वर्षं भाषा असूनही शब्द सापडेना. फीत पाठमोरी होऊन हात धूत होती. वाइंडर वाट बघत होता. तो नेहमीसारखा कापूस गोळा करत नव्हता. आणि तो बोटांकडे बघत नव्हता, तिच्या चेहऱ्याकडे बघत होता.

तिनं बोटं पुन्हा एकदा हलवून पाहिली. पहिला शब्द कुठला, ते अजून ठरत नव्हतं.